एक जूनची रांग

“सर, हा माझ्या पायावर उभा राहिलाय,” अशी तक्रार एकाच वेळी नऊ मुलांनी केली, तेव्हा आलेखात काहीतरी घोळ आहे हे माझ्या ध्यानात आलं.

आंबेघोलच्या शाळेचं पटांगण, चौऱ्याण्णव सालच्या नोव्हेंबरातला शेवटचा सोमवार. खो-खोच्या मैदानाची उरलेली फक्की वापरून मी सकाळीच जमिनीवर मोठा चौकोन आखला होता. आडव्या बाजूला वय, एका महिन्याला एक पाऊल. उभ्या बाजूला उंची, दोन सेंटिमीटरला एक पाऊल. सातवीच्या तेवीस मुलांना शनिवारी वर्गाच्या चौकटीला टेकवून उंची मोजली होती, आणि शाळेच्या रजिस्टरातल्या जन्मतारखेवरून प्रत्येकाचं वय महिन्यांत काढून हातात चिठ्ठी दिली होती. आता ज्यानं त्यानं आपल्या जागेवर जाऊन उभं राहायचं. मूल हाच ठिपका.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो आणि जिल्ह्याच्या ठिकाणचं दहा दिवसांचं प्रशिक्षण नुकतंच आटपून आलो होतो. त्या प्रशिक्षणातून मला दोन गोष्टी मिळाल्या: एक कापडी पिशवी आणि एक ठिपक्यांचा आलेख. पिशवी बायकोनं काढून घेतली. आलेख मुलांच्या वाट्याला आला.

तसं आधीच्या आठवड्यात आमचं चांगलं चाललं होतं. मुलांनी घरून तुरीच्या शेंगा आणल्या. शेंगेची लांबी आडवी, आतले दाणे उभे, जिथं दोन्ही भेटतील तिथं ठिपका. ठिपके तिरके वर चढत गेले. “म्हणजे लांब शेंगेत दाणे जास्त,” मी विजयी मुद्रेनं सांगितलं. “ते आम्हाला म्हाईत हुतं सर,” वर्ग म्हणाला आणि त्यानं शेंगा खाऊन टाकल्या. म्हणून यावेळी मी ज्याचं उत्तर खाता येणार नाही असा विषय घेतला. वय वाढलं की उंची किती वाढते?

तर मुलं जागेवर गेली आणि पटांगणाच्या मधोमध एकाच उभ्या रेघेवर बावीस जणांची रांग लागली. पुढच्याच्या टाचेवर मागच्याचा अंगठा. ढकलाढकली सुरू झाली. रांगेपासून उजवीकडं दोन पावलांवर एकटा रझाक मुलाणी उभा होता, देवळाबाहेर चप्पल सांभाळायला ठेवल्यासारखा.

“सर, मी एकटाच चुकलोय का?” त्यानं विचारलं.

“तुझ्या चिठ्ठीत किती आहे?”

“एकशे बावन्न म्हयने.”

“आणि बाकीच्यांच्या?”

“समद्यांच्या एकशे पन्नास.”

“मग तू चुकला असशील.”

हे वाक्य मी, गणिताचा पदवीधर, पूर्ण शुद्धीत असताना बोललो.

रांगेच्या सगळ्यात खालच्या टोकाला भागिरथी खरात होती. वर्गात तिला भागी म्हणत. पठारावरच्या धनगरवस्तीतून रोज दोन मैल उतरून शाळेत यायची. एकशे सव्वीस सेंटिमीटर उंची. तिचं डोकं शेजारच्या मुलीच्या खांद्याला लागायचं. दोन आठवड्यांपूर्वी केंद्रातल्या शाळांच्या क्रीडास्पर्धेत ती अनवाणी सहाशे मीटर पळाली होती. बाकीच्या मुली इतक्या मागं राहिल्या की, दुसरी आली ती मुलगीच पहिली आलीय असं समजून तिच्या गावानं हलगी वाजवायला घेतली. ते बघून तालुक्याच्या खेळाच्या सरांनी माझ्या हातात एक फॉर्म दिला. जिल्ह्याचं क्रीडा वसतिगृह. राहणं, जेवण, शाळा, बूट आणि पळायला खराखुरा ट्रॅक.

अट एकच. एकतीस डिसेंबरला वयाची बारा वर्षं पूर्ण झालेली नसावीत. रजिस्टरप्रमाणे भागीला बारा वर्षं सात महिने होत होते. फॉर्म शनिवारी दुपारी दोनपर्यंत तालुक्याच्या कचेरीत द्यायचा होता आणि तो माझ्या टेबलाच्या खणात कोराच पडून होता. भागी रोज सकाळी येऊन विचारायची, “सर, भरला?” मी म्हणायचो, “बघू.”

गडबड ऐकून मुख्याध्यापक वाघमोडे गुरुजी ओसरीवर आले. सत्तावन्न वर्षांचे, काडीसारखे सरळ, अक्षर छापल्यासारखं.

“मास्तर, हे काय आहे?”

“आलेख आहे गुरुजी. वय आणि उंचीचा.”

गुरुजींनी त्या रांगेकडं बराच वेळ पाहिलं. मग रझाककडं पाहिलं. मग रांगेच्या टोकाच्या भागीकडं.

“मुलांना आत घ्या,” ते म्हणाले. “ऊन लागंल.”

सकाळचे साडेदहा वाजले होते आणि गुरुजींनी स्वेटर घातला होता.

मधल्या सुट्टीत मी रजिस्टर उघडलं. गुरुजींच्या त्या सुरेख अक्षरात बावीस नावांपुढं एकच तारीख होती: १ जून १९८२. एकट्या रझाकची ९ मार्च. आता महाराष्ट्रातल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. ज्या घरात जन्माचा कागद नसे, तिथल्या पोराला गुरुजी शाळेत घालताना एक जून टाकून मोकळे होत. माझी स्वतःची जन्मतारीख एक जून आहे. आई म्हणते मी श्रावणातला. सत्तावीस वर्षांत मला या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघाव्याशा वाटल्या नव्हत्या. त्या दिवशी पहिल्यांदा वाटल्या, आणि मी इतका खूश झालो की डबा खायचा राहिला. वर्गात जो एकटा ठिपका चुकीचा दिसत होता, तोच तेवढा खरा होता.

दुपारी मी मुलांना गृहपाठ दिला. “घरी जाऊन विचारा, तुम्ही नक्की कधी जन्मलात. सण सांगा, पाऊस सांगा, पीक सांगा, काहीही चालेल. त्याची तारीख आपण शोधू.”

मंगळवारी वर्गात बाजार भरला. नामदेव बेंदराच्या आदल्या दिवशी झाला होता, बैलाची शिंगं रंगवायची राहिली म्हणून वडील अजून त्याच्यावर रागावलेले होते. कुसुम हरभरा काढताना. एकाची आजी म्हणाली होती, थोरल्या चुलत्यानं दुसरं लग्न केलं त्या आठवड्यात.

“पण सर, बा म्हणला ते लिहायचं न्हाई,” तो म्हणाला.

“लग्न नाही लिहिणार. नुसता आठवडा लिहू.”

“आठवडा लिवला तरी गावाला कळतंय सर.”

दत्तूच्या आईला दिवस, महिना काहीच आठवत नव्हतं. “ती म्हणली, तू आलास तवा मला लई तरास झाला, आन अजून होतोय.”

भागीनं उभं राहून एका दमात सांगितलं, “संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. किंक्रांतीला. मोठ्या बांधाच्या शेजारी नवी विहीर खणत हुते, तिला पाणी लागलं त्या वर्साला. आजी म्हणती, किंक्रांतीला पोरगी झाली म्हणून दोन दिवस कुणी बगायलाबी आलं न्हाई.”

विहिरीचं साल ग्रामपंचायतीच्या दप्तरात सापडलं, पण सणांच्या तारखा काढायला जुनी पंचांगं हवी होती. मी गुरुजींकडं गेलो. वाटलं, टाळतील. त्यांनी कपाट उघडलं आणि एक्क्याऐंशीपासून चौऱ्याऐंशीपर्यंतची चार पंचांगं दोऱ्यानं बांधलेली माझ्या हातात दिली. आतल्या पानांवर अधूनमधून पेन्सिलीच्या बारीक फुल्या होत्या. मला वाटलं, गुरुजींचे उपवास असतील.

बुधवारी पटांगणावर पुन्हा फक्की मारली आणि मुलं नव्या चिठ्ठ्या घेऊन निघाली. आता कुणाच्या पायावर कुणी नव्हतं. मुलं डावीकडून उजवीकडं पसरली, जरा तिरकी, वर चढत गेलेली, मध्येच एखादा लहान वयाचा उंचाडा आणि एखादा मोठा बुटका, अगदी प्रशिक्षणातल्या चित्रासारखी. रझाक आता गर्दीत होता. त्याला ते फारसं आवडलं नाही.

भागी मात्र अजून चालत होती. डावीकडं, डावीकडं. चौकोनाची शेवटची रेघ आली तशी ती थांबली.

“सर, हितं रेघाच संपल्या.”

“तुझ्या चिठ्ठीत किती?”

“एकशे तीस.”

माझा चौकोन एकशे छत्तीसपासून सुरू होत होता. त्याच्या आधी कुणी असेल असं मला वाटलंच नव्हतं. “मोजत जा पुढं,” मी म्हणालो. ती आणखी सहा पावलं गेली आणि कर्दळीच्या वाफ्यात जाऊन उभी राहिली. मी फक्कीचा डबा घेऊन धावलो आणि तिच्यापर्यंत रेघा ओढल्या. मग लांब जाऊन सगळीकडं बघितलं. सोमवारी रांगेच्या बुडाशी उगीच बुटकी दिसणारी भागी आता त्या तिरक्या घोळक्याच्या सुरुवातीला, जिथं असायला हवी तिथंच होती. दहा वर्षं दहा महिन्यांची मुलगी, दहा वर्षं दहा महिन्यांच्या मुलीएवढी उंच.

“म्हंजी फारम भरायचा?” तिनं वाफ्यातूनच विचारलं.

“भरायचा,” मी म्हणालो. यावेळी ‘बघू’ म्हणालो नाही.

संध्याकाळी मी आरोग्य उपकेंद्रात नर्सबाईंना गाठलं. त्यांच्या जुन्या वहीत, वाळवीनं सोडलेल्या पानावर, नोंद होती: खरात वस्ती, मुलगी, सव्वादोन किलो, १५ जानेवारी १९८४. त्यांनी शिक्क्यानिशी दाखला दिला. आता एवढंच राहिलं होतं की शाळेनं तारीख दुरुस्तीचा अर्ज द्यायचा आणि मुख्याध्यापकांनी ‘चुकीचं कारण’ या रकान्यात एक ओळ लिहून सही करायची. मला वाटलं, दोन मिनिटांचं काम.

गुरुवारी वार्षिक तपासणी होती. तालुक्याचे विस्तार अधिकारी आवटे साहेब आले. मी रात्रभर, नाही, खरं सांगायचं तर अर्धी संध्याकाळ, खपून दोन्ही आलेख मोठ्या कागदावर काढले होते. ठिपक्यांच्या जागी मुलींनी टिकल्या लावल्या होत्या. एका कागदावर टिकल्यांचा खांब, दुसऱ्यावर टिकल्यांचा ढग. दोन्ही मी दर्शनी भिंतीवर लावले. गुरुजींनी ते बघितले आणि फक्त एवढंच विचारलं, “खिळे मजबूत आहेत ना?”

साहेब भिंतीपाशी थांबले. “हा खांब कसला?”

कुणी विचारलं तर कुणी उत्तर द्यायचं हे मी ठरवून ठेवलं होतं, पण रझाक थांबला नाही.

“साहेब, ह्यो खांब म्हंजी रजिस्टर, आन ह्यो ढग म्हंजी आम्ही.”

वर्ग हसला. मीही हसलो. साहेब हसले नाहीत. त्यांनी दुसऱ्या कागदावर, सगळ्यांपासून लांब डाव्या बाजूला असलेल्या एकट्या टिकलीवर बोट ठेवलं.

“ही कोण?”

“भागिरथी खरात,” मी म्हणालो. “उभी राहा गं.”

भागी उभी राहिली. साहेबांनी तिच्याकडं पाहिलं, मग गुरुजींकडं, मग पुन्हा टिकलीकडं. शेवटी म्हणाले, “गुरुजी, चहा राहू द्या,” आणि जीपमध्ये जाऊन बसले.

“प्रभाव पडला,” मी गुरुजींना म्हणालो.

“पडला,” गुरुजी म्हणाले.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी दाखला, अर्ज आणि स्वतः तयार केलेला मजकूर घेऊन त्यांच्यासमोर बसलो.

“गुरुजी, उद्या दोनच्या आत द्यायचंय. कारणाच्या रकान्यात मी लिहिलंय, ‘नजरचुकीने चुकीची तारीख नोंदली गेली.’ खाली तुमची सही.”

गुरुजींनी चष्मा लावून वाचलं. “मजकूर चांगला आहे. सोमवारी चालला असता.”

“म्हणजे?”

“एका पोरीच्या तारखेत नजरचूक होते मास्तर, माणूस आहे. बावीस पोरांच्या तारखेत एकच नजरचूक बावीस वेळा होत नाही. तुम्ही ती टिकल्या लावून भिंतीवर टांगलीत. साहेबांनी उभं राहून वाचली. उद्या हा कागद त्यांच्याच टेबलावर जाणार.”

आठवडाभर मी किती हुशार आहे याचाच मी आलेख काढत होतो, हे मला तेव्हा कळलं. त्या कागदांमुळं भागीची खरी तारीख सापडली होती आणि त्याच कागदांमुळं ती दुरुस्त करायची सोपी वाट बंद झाली होती.

“मग खरं कारण लिहू,” मी म्हणालो. “तुम्हाला तारखा ठाऊक नव्हत्या, म्हणून अंदाजे टाकल्या. सगळेच गुरुजी टाकतात.”

गुरुजींनी माझ्या फायलीतली मुलांच्या खऱ्या तारखांची यादी ओढून घेतली आणि पेन्सिल काढली.

“नामदेव बेंदराच्या आदल्या दिवशीचा नाही, बेंदराचाच. त्याच्या आईला त्या दिवशी शुद्ध नव्हती, तिला काय आठवणार. कुसुमचा महिना बरोबर आहे, तारीख तीन दिवसांनी चुकलीय. आणि दत्तूची तुम्ही कोरी ठेवलीत. नागपंचमी.”

मी त्यांच्या पेन्सिलीकडं बघत राहिलो. “पंचांगातल्या फुल्या तुमच्या?”

“घरोघर जाऊन विचारल्या होत्या. नोकरीच आहे ती.”

“तारखा ठाऊक होत्या, तरी एक जून टाकलीत?”

गुरुजींनी यादी नीट घडी करून परत दिली.

“अठ्ठ्याऐंशीच्या जूनमध्ये शाळेचा पट एकोणचाळीस होता. चाळीसच्या खाली गेला की दुसऱ्या शिक्षकाची जागा काढून घेणार, असं पत्र आलं होतं. तेव्हा शाळा चौथीपर्यंत होती. मग चार वर्ग आणि मी एकटा. गाव सगळं धुंडाळलं, एकही पोर राहिलेलं नव्हतं. मग पठारावर गेलो. खरातांच्या घरात सहा वर्षांचं कुणी नव्हतं. ही होती. करडामागं पळत होती. चार वर्षं आणि साडेचार महिने.”

“मग तिला सहाची केलीत.”

“केली. पण तिच्या एकटीची तारीख खोटी असती तर पट तपासणारा पहिल्यांदा तिच्याकडंच बघणार. बाकीची पोरं चार-सहा महिने इकडंतिकडं होती, काही नीट सहाची होती. त्या सगळ्यांनाच एक जून टाकली. म्हणजे बघणाऱ्याला वाटतं, गुरुजी आळशी आहे. आळशी गुरुजीची कुणी चौकशी करत नाही.”

“आणि रझाक?”

“त्याच्या बापानं दवाखान्याचा कागद आणला होता. कागदाला काय करणार?”

बाहेर कुणीतरी घंटेवर खडा मारला. गुरुजींनी खिडकीतून नुसतं बघितलं, तो आवाज थांबला.

“जागा मग राहिली?” मी विचारलं.

“राहिली. तिघं येऊन गेले. सध्या तिच्यावर तुम्ही आहात.”

मी त्या खुर्चीवर जरा सरकून बसलो. एकतीस मेला गुरुजी निवृत्त होणार होते. हे सगळं कागदावर आलं तर चौकशी लागणार, पेन्शन अडकणार, आणि छत्तीस वर्षांच्या नोकरीच्या शेवटी ‘खोटा पट दाखवला’ एवढं एकच वाक्य राहणार. कागदावर आलं नाही तर भागी पठारावर राहणार. मी म्हणालो, “गुरुजी, मी ते आलेख काढून टाकतो.”

“आता कशाला?” ते म्हणाले. “पोरांनी चांगले काढलेत.”

शनिवारी पहाटेच्या गाडीनं आम्ही तिघं तालुक्याला निघालो. भागीनं दोन्ही वेण्यांना रिबिनी लावल्या होत्या आणि पायांत कुणाच्या तरी चपला होत्या. एस.टी.त गुरुजींनी खिशातून एक कागद काढून मला वाचायला दिला. चार ओळी होत्या. पट टिकवण्यासाठी मी हेतुपुरस्सर या मुलीचं वय वाढवून लिहिलं, ते लपावं म्हणून इतर एकवीस मुलांच्या तारखा बदलल्या, चूक माझी आहे, मुलीची नाही. खाली सही, तारीख, शिक्का.

“गुरुजी, दुसरा काही मार्ग असेल.”

“मला पळता येत नाही मास्तर. लिहिता येतं.”

कचेरीबाहेरच्या बाकावर भागीला बसवून आम्ही आत गेलो. आवटे साहेबांनी अर्ज वाचला, दाखला वाचला आणि गुरुजींचा कागद दोनदा वाचला.

“हे तुम्ही विचार करून लिहिलंय?”

“हो. दोनदा लिहिलं. पहिल्यात शुद्धलेखनाची एक चूक होती.”

“हा कागद आवक झाला तर मला चौकशी लावावी लागेल.”

“ठाऊक आहे.”

“सहा महिने राहिलेत तुमचे. काढून घ्या तो. अर्ज आणि दाखला ठेवा.”

“मग कारणाच्या रकान्यात काय लिहू?” गुरुजींनी विचारलं. “रकाना कोरा असला की तुमची कचेरी अर्ज परत पाठवते. मला अनुभव आहे.”

भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा वाजले होते. पंख्याखाली कागद फडफडत होते, त्यांवर साहेबांनी एकेक करून पेपरवेट ठेवले. मग माझ्याकडं वळले.

“चौगुले सर, तुम्ही नवीन आहात म्हणून सांगतो. गुरुजींचा कागद खोटा नाही. अपुरा आहे. अठ्ठ्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये आंबेघोलचा पट तपासायला एक अधिकारी गेला होता. नव्यानंच लागलेला, फार कडक. त्यानं मुलं उभी करून मोजली. एकोणचाळीस उभी राहिली. चाळिसावी कोपऱ्यात पोत्यावर झोपली होती, अंगठा तोंडात घालून. अधिकाऱ्यानं विचारलं, ‘ही पहिलीत?’ गुरुजी म्हणाले, ‘हो.’ अधिकारी म्हणाला, ‘उठवू नका,’ आणि चाळीस लिहिलं.”

गुरुजी टेबलाकडं बघत होते.

“तो मी होतो,” साहेब म्हणाले. “तिला दूधसुद्धा सुटलं होतं की नाही, कुणास ठाऊक. मला काय डोळे नव्हते?”

त्यांनी अर्ज पुढं ओढला. कारणाच्या रकान्यात, आमच्या दोघांच्या देखत, लिहिलं: ‘प्रवेशाच्या वर्षी पट तपासणाऱ्या अधिकाऱ्याची नजरचूक.’ खाली स्वतःची सही केली, तारीख टाकली आणि गुरुजींचा कागद घडी करून त्यांच्या हातात परत दिला.

“हा तुमच्याकडंच ठेवा.”

“साहेब,” गुरुजी म्हणाले, “मग चौकशी तुमच्यावर लागंल.”

“मला माझी चौकशी लावता येत नाही, तसा नियम नाही. वरच्या साहेबांना वाटलं तर ते लावतील.” त्यांनी टोपण बंद करून पेन खिशाला लावलं. “पण त्यांची जन्मतारीखही एक जून आहे. ते या विषयात फार खोलात जायचे नाहीत.”

शेजारच्या टेबलावरच्या कारकुनानं मान वर न करता शिक्का मारला आणि फॉर्म गठ्ठ्यात ठेवला. पोचपावती गुरुजींनी मागून घेतली.

बाहेर भागी बाकावरून उठून उभी राहिली. चपला तिनं हातात घेतल्या होत्या.

“झालं?”

“झालं,” मी म्हणालो. “आता चाचणीला बोलावतील. तिथं नुसतं पळायचं.”

ती खूश होईल असं मला वाटलं होतं. ती आमच्याबरोबर फाटकापर्यंत आली आणि थांबली.

“सर, म्हंजी मी आता दीड वर्सानं ल्हान झाले?”

“दीडाला थोडं जास्तच.”

“मग मला परत पाचवीत बसाया लागंल?”

बुधवारपासून हा प्रश्न तिच्या पोटात होता आणि ती तो कुणाला न सांगता, एक-एक दिवस मोजत, फॉर्म भरला का म्हणून विचारत होती. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग लक्षात आलं की नियमानं बघितलं तर प्रश्न अगदी बरोबर आहे.

गुरुजींनी मागं वळून कचेरीच्या खिडकीकडं बघितलं.

“हळू बोल,” ते म्हणाले. “साहेबांचं अजून तिकडं लक्ष गेलेलं नाही.”

आम्ही तिघंही स्टँडकडं जरा भराभर निघालो. भागी पुढं होती.